शिक्षकाची सामाजिक प्रतिष्ठा

शाळेत अध्यापन करणाऱ्या व्यक्तीस समाजाकडून मिळणारा मान, विश्वास आणि दर्जा यांस शिक्षकाची सामाजिक प्रतिष्ठा असे म्हणता येईल. या प्रतिष्ठेची दोन अंगे आहेत. ज्ञान देणाऱ्या व्यक्तीविषयी वाटणारा पूज्यभाव हे पहिले अंग होय. वेतन, प्रशिक्षण, सेवेची शाश्वती आणि निर्णयाचे स्वातंत्र्य यांच्या रूपाने अध्यापनाच्या व्यवसायाला लाभणारे स्थान हे दुसरे. ही दोन्ही अंगे नेहमी एकत्र आढळतातच असे नाही. अनेक संस्कृतींनी गुरूची थोरवी मान्य केली. मात्र मुलांना अक्षरओळख करून देणारा सामान्य शिक्षक त्याच संस्कृतींत शतकानुशतके निर्धन राहिला. निरनिराळ्या समाजांनी या दोन अंगांची सांगड कशी घातली किंवा कशी घातली नाही, यावर शिक्षकाच्या दर्जातील बरेचसे भेद अवलंबून आहेत.

प्राचीन समाज : ग्रीसमध्ये तत्त्वज्ञांना मोठा मान असला, तरी अक्षरे शिकविणाऱ्या पंतोजीचा व्यवसाय हलका समजला जाई. मुलास शाळेत पोहोचविणारा व त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवणारा ‘पैदागोगोस’ हा तर गुलामच असे. डिमॉस्थिनीझ या वक्त्याने इ. स. पू. ३३० मधील आपल्या प्रसिद्ध भाषणात प्रतिस्पर्धी एस्किनीझ याला हिणविताना, तो लहानपणी वडिलांच्या शाळेत शाई घोटत असे, बाके पुसत असे व झाडलोट करीत असे, याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. शिक्षकाचा मुलगा असणे ही भर सभेत टोमणा मारण्याजोगी गोष्ट होती, हे त्यावरून दिसते. रोममध्ये शिक्षकांची स्पष्ट उतरंड होती. सम्राट व्हेस्पेझ्यन याने वक्तृत्वाच्या अध्यापकांना राजकोशातून भरघोस वेतन दिले. तथापि डायोक्लीशनच्या ३०१ मधील दरनियंत्रणाच्या आज्ञापत्रात वाचन शिकविणाऱ्यास दरमहा दर विद्यार्थ्यामागे ५० दिनारी, व्याकरणाच्या अध्यापकास २०० आणि वक्तृत्वाच्या अध्यापकास २५० दिनारी अशी कमाल मर्यादा ठरविलेली आढळते. विद्यार्थी जितका लहान, तितका त्याचा शिक्षक कमी मोलाचा, ही समजूत पुढे अनेक देशांत टिकून राहिली.

भारतीय परंपरेत आचार्यास देवासमान मानण्याचा उपदेश तैत्तिरीयोपनिषदात आहे. परंतु याच परंपरेत आचार्य व उपाध्याय असा भेदही केलेला आहे. मनुस्मृतीप्रमाणे उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकविणारा तो उपाध्याय होय आणि आचार्याची योग्यता त्याच्या दसपट आहे. वेतन ठरवून शिकविणाऱ्या अध्यापकास त्या ग्रंथात श्राद्धास वर्ज्य मानले आहे. कालिदासानेही मालविकाग्निमित्र या नाटकात, केवळ पोटासाठी विद्या वापरणाऱ्यास ज्ञानाचा व्यापारी म्हटले आहे. ज्ञान विकू नये हा आदर्श उदात्त होता. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला, की अध्यापनाचा मोबदला मागणे हीच गोष्ट कमीपणाची ठरली.

चीन : कन्फ्यूशस (इ. स. पू. ५५१–४७९) हा स्वतः शिक्षक असल्याने चिनी संस्कृतीत शिक्षकाचे स्थान आरंभापासूनच उच्च राहिले. स्वर्ग, पृथ्वी, राजा, मातापिता आणि शिक्षक या पाच वंदनीयांची नावे असलेली पाटी घरोघरी पूजेत ठेवण्याची प्रथा होती. प्रत्यक्षात खेड्यातील खाजगी शाळेचा शिक्षक बहुधा शासकीय परीक्षांत अयशस्वी ठरलेला विद्वान असे. समाज त्याला आदराने वागवी, पण खरी प्रतिष्ठा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारपद मिळविणाऱ्याची असे. ही परीक्षापद्धती १९०५ मध्ये रद्द झाली.

पूज्यभाव किती थोड्या काळात उलटू शकतो, याचे दारुण उदाहरण सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) दिसून आले. बुद्धिजीवींची गणना शत्रुवर्गांच्या यादीत नवव्या क्रमांकावर करण्यात आली. शिक्षकांच्या जाहीर विटंबना झाल्या आणि ऑगस्ट १९६६ मध्ये बीजिंगमधील मुलींच्या एका शाळेच्या उपमुख्याध्यापिकेचा विद्यार्थिनींनी केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. पुढे १९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्या. १९८५ पासून १० सप्टेंबर हा शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि १९९३ मध्ये संमत झालेल्या शिक्षकविषयक कायद्याने शिक्षकांचे सरासरी वेतन शासकीय सेवकांच्या वेतनापेक्षा कमी नसावे, असे तत्त्व मान्य केले. केवळ परंपरेवर विसंबून राहता येत नाही, हा अनुभव या कायद्यामागे होता.

जपान : एदो काळातील (१६०३–१८६७) तेराकोया या शाळांतून सामान्य मुलांना वाचन, लेखन व हिशेब शिकविले जात. तेथील शिक्षकांत सामुराई, भिक्षू, सामान्य नागरिक आणि काही स्त्रियाही असत. ठरीव शुल्काऐवजी भेटीच्या रूपाने मोबदला देण्याची रीत होती. दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांनी उभारलेले स्मारकस्तंभ जपानच्या ग्रामीण भागात आजही आढळतात.

मेजी शासनाने १८७२ मध्ये राष्ट्रीय शिक्षणपद्धती सुरू केली, तेव्हा या वैयक्तिक आदराचे रूपांतर शासकीय प्रतिष्ठेत झाले. शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांच्या १८८६ मधील आदेशानुसार अध्यापनविद्यालयांत आज्ञापालन, परस्परविश्वास आणि गांभीर्य हे तीन गुण बाणविण्यावर भर देण्यात आला. विद्यार्थ्यांचा खर्च शासन करी. त्यांना सैनिकी कवायत आणि पुढे ठरावीक वर्षे अध्यापन करणे सक्तीचे असे. अध्यापन हे ‘पवित्र कार्य’ होय, ही कल्पना याच काळात दृढ झाली. या प्रतिष्ठेची किंमतही शिक्षकांनी मोजली. पवित्र कार्य करणाऱ्याने वेतनाची तक्रार करू नये व शासनाच्या आज्ञेविषयी प्रश्न विचारू नये, अशी अपेक्षा होती आणि युद्धकाळात शाळा राष्ट्रवादी प्रचाराचे साधन बनल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षकांच्या संघटनेने ही कल्पना नाकारली. विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर पाठवावयाचे नाही, अशी घोषणा तिने १९५१ मध्ये केली आणि १९५२ च्या आचारसंहितेत शिक्षक हा श्रमिक आहे असे जाहीर केले. शासनाने १९७४ च्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणातील शिक्षकांचे वेतन इतर शासकीय सेवकांहून अधिक ठेवण्याचे धोरण स्वीकारले. तथापि १९७१ च्या दुसऱ्या एका कायद्याने जादा कामाच्या वेतनाऐवजी मूळ वेतनाच्या ४ टक्के ठोक रक्कम देण्याची तरतूद केली होती. परिणामतः कामाचे तास वाढत गेले. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत कनिष्ठ माध्यमिक शाळांतील जपानी शिक्षकांचा आठवडा सुमारे ५६ तासांचा, म्हणजे सहभागी देशांत सर्वाधिक, आढळला. सरासरी सुमारे ३८ तासांची होती. ही रक्कम टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत नेण्याचा कायदा २०२५ मध्ये संमत झाला. ‘पवित्र कार्य’ या भावनेचा लाभ घेऊन कार्यभार वाढविता येतो, हे जपानच्या इतिहासातून स्पष्ट होते.

फ्रान्स : फ्रान्समध्ये शिक्षकाची प्रतिष्ठा कायद्याने घडविली. गीझो यांच्या १८३३ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामविभागास प्राथमिक शाळा चालविणे बंधनकारक झाले व शिक्षकास निवासाखेरीज वर्षाला किमान २०० फ्रँक वेतन ठरले. १८५० च्या कायद्याने शिक्षक पुन्हा प्रशासनाच्या व धर्मोपदेशकांच्या देखरेखीखाली आला. झ्यूल फेरी यांच्या १८८१–८२ मधील कायद्यांनी प्राथमिक शिक्षण निःशुल्क, सक्तीचे व धर्मातीत केले आणि १८८९ मध्ये शिक्षक शासनाचा पगारदार सेवक झाला. खेड्यात तोच बहुधा नगरप्रमुखाचा चिटणीस असे. जन्ममृत्यूच्या नोंदी, अर्ज व पत्रे यांसाठी गावकरी त्याच्याकडे येत. काळ्या पोशाखातील या तरुण शिक्षकांना शार्ल पेगी या लेखकाने १९१३ मध्ये प्रजासत्ताकाचे कृष्णवस्त्रधारी घोडेस्वार अशी उपमा दिली. पुढे शिक्षणाचा सर्वत्र प्रसार झाला. गावातील एकमेव सुशिक्षित हे शिक्षकाचे स्थान साहजिकच राहिले नाही. समाजात आपल्या व्यवसायाची कदर होते असे मानणारे शिक्षक २०१८ च्या उपर्युक्त पाहणीत फ्रान्समध्ये केवळ ७ टक्के आढळले.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : येथे शिक्षकी पेशा प्रारंभी तात्पुरता मानला जाई. ग्रामीण शिक्षक पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहून जेवत असे. वॉशिंग्टन अर्व्हिंग याने १८२० मध्ये रंगविलेला इकबॉड क्रेन हा विनोदी शाळामास्तर त्या काळच्या दृष्टिकोनाचा नमुना होय. हॉरिस मान यांच्या प्रयत्नांनी १८३९ मध्ये मॅसॅचूसेट्समधील लेक्झिंग्टन येथे पहिले शासकीय अध्यापनविद्यालय निघाले. पुढे स्त्रिया मोठ्या संख्येने या पेशात आल्या; परंतु त्यांना पुरुषांहून कमी वेतन मिळे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अनेक ठिकाणी विवाहानंतर नोकरी सोडावी लागे. स्त्रियांचे श्रम स्वस्त मानले गेल्याने व्यवसायाचाही दर्जा खालावलेला राहिला.

फिनलंड : फिनलंडमध्ये परंपरा व व्यवसाय यांची सांगड यशस्वीपणे घातली गेली. ऊनो सिग्नेअस (१८१०–८८) यांच्या प्रेरणेने १८६३ मध्ये युवास्किला येथे फिनिश भाषेतील अध्यापनविद्यालय सुरू झाले आणि १८६६ मध्ये लोकशाळांविषयीचा अध्यादेश निघाला. रशियन सत्तेखालील या देशात भाषा व राष्ट्रभावना जागविण्याचे काम खेड्यातील शिक्षकाने केले; त्याला ‘लोकांचा दीप’ असे नाव पडले. स्वातंत्र्यानंतर या भावनेवर समाधान न मानता शासनाने शिक्षकाचे प्रशिक्षणच उंचावले. १९७० नंतर ते विद्यापीठांकडे सोपविण्यात आले आणि १९७९ पासून प्राथमिक शिक्षकासही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. १९९० नंतरच्या दशकात शालेय तपासणीची पद्धत बंद करून पाठ्यपुस्तके, अध्यापनपद्धती व मूल्यमापन यांविषयीचे निर्णय मुख्यतः शिक्षकांवर सोपविण्यात आले. येथील वेतन फार मोठे नाही. तरीही प्रशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी अनेक वर्षे सुमारे दहांत एकासच प्रवेश मिळे. विश्वास हेच येथील प्रतिष्ठेचे मुख्य रूप आहे.

महाराष्ट्र : इंग्रजी अमदानीपूर्वी व तिच्या प्रारंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. पंतोजीचा निर्वाह धान्य, अल्प शुल्क व सणावारी मिळणारी देणगी यांवर चाले. गावाचा त्याच्यावर विश्वास असे, पण त्याचे उत्पन्न अनिश्चित असे. शिवाय कोणी कोणाला शिकवावे यावर जातीचे व रूढीचे निर्बंध होते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांच्या अंगावर शाळेच्या वाटेवर शेण व चिखल टाकण्यात आला. गुरुपूजेची परंपरा असलेल्या समाजाने स्त्रियांना व शूद्रातिशूद्रांना शिकविणाऱ्या शिक्षिकेस हा मान नाकारला. शिक्षकाचा आदर हा त्याच्या ज्ञानाइतकाच त्याच्या जन्मावर व त्याच्या विद्यार्थ्यांच्या सामाजिक स्थानावर अवलंबून होता, हे त्यावरून उघड होते.

जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात या प्रश्नाचा व्यवहार्य विचार आढळतो. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गांतून निवडावेत, त्यांना दरमहा किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये वेतन असावे, असे त्यांनी सुचविले. ग्रामहिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे शिक्षकाकडे दिल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी मांडले. आदर उपदेशाने निर्माण होत नाही, त्याला वेतनाचा व अधिकाराचा आधार लागतो, हे सूत्र या सूचनांत आहे.

विसाव्या शतकात ‘गुरुजी’ या संबोधनास साने गुरुजींसारख्या (१८९९–१९५०) शिक्षकांमुळे जिव्हाळ्याचा अर्थ लाभला. ‘मास्तर’ या शब्दास मात्र प्रेमाबरोबरच किंचित कीव वा थट्टेची छटा चिकटली. स्वातंत्र्योत्तर काळात वेतनश्रेणी व सेवाशर्ती सुधारल्या. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना १९७७ च्या अधिनियमाने संरक्षण मिळाले. त्यानंतर २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. तीनुसार नव्या प्राथमिक शिक्षकास पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर काम करावे लागे. २०२३ पासून हे मानधन १६,००० रुपये झाले. ‘सेवक’ व ‘मानधन’ या शब्दांत सेवेचा गौरव असला, तरी पूर्ण वेतन लांबणीवर टाकण्याची सोयही त्यांत होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. फुल्यांच्या काळी गावाचे कागदपत्र सांभाळणे हे मानाचे साधन वाटले होते. सव्वाशे वर्षांनंतर अशाच कामांपासून शिक्षकाला वाचविण्यासाठी कायदा करावा लागला.

आधुनिक पाहण्या : यूनेस्को व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांच्या शिफारशींत ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकाच्या दर्जाची व्याख्या करताना आदर आणि कामाची परिस्थिती व मोबदला या दोन्ही बाबींचा समावेश करण्यात आला. १९९४ पासून हा दिवस जागतिक शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. भारतात १९६२ पासून ५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस शिक्षकदिन मानला जातो. २०१३ मध्ये एकवीस देशांत घेतलेल्या एका लोकमतचाचणीत, शिक्षकाची तुलना प्रामुख्याने डॉक्टरशी करणारा चीन हा एकमेव देश आढळला. मुलांना शिक्षक होण्यास उत्तेजन देऊ असे तेथील ५० टक्के पालकांनी सांगितले. इझ्राएलमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. २०१८ मध्ये पस्तीस देशांत झालेल्या चाचणीत चीन, मलेशिया व तैवान हे अग्रभागी, तर ब्राझील, इझ्राएल व इटली हे तळाशी होते. त्याच वर्षी आपल्या व्यवसायाची समाजात कदर होते असे मानणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण व्हिएटनाममध्ये ९२, सिंगापूरमध्ये ७२ व फिनलंडमध्ये ५८ टक्के होते; आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी मात्र २६ टक्के होती.

हे आकडे पौर्वात्य संस्कृतीचे श्रेष्ठत्व सिद्ध करतात, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चीनमध्ये एका पिढीत हा आदर धुळीस मिळाला व पुढच्या काळात कायद्याने पुन्हा उभा करावा लागला. जपानमध्ये तोच आदर शिक्षकाच्या श्रमांचे शोषण करण्यास उपयोगी पडला. फिनलंडमध्ये तो प्रशिक्षण व स्वातंत्र्य यांच्या पायावर स्थिरावला. पूज्यभाव ही समाजाची मौलिक ठेव आहे. तथापि ती वेतनाचा, प्रशिक्षणाचा व विश्वासाचा पर्याय म्हणून वापरली जाते, तेव्हा शिक्षकाच्या वाट्यास वर्षातून एक दिवस वंदन आणि उरलेले दिवस उपेक्षा येते.