रेशमाचा धागा आणि तांबडे खडे

जंतुनाशकाच्या बाटलीवर औषधाचे नाव व प्रमाण असते. ते कोणत्या पृष्ठभागावर वापरायचे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न नीट उमगायला सोळा वर्षे लागली.

१८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जंतुनाशकांची परीक्षा घेतली. काळपुळीच्या जंतूंचे चिवट बीजाणू त्यांनी रेशमी धाग्यांवर वाळवले, धागे औषधात बुडवले आणि मग पोषक माध्यमावर ठेवले. वाढ झाली नाही, तर बीजाणू मेले असे मानायचे. या कसोटीत मर्क्युरिक क्लोराइड अव्वल ठरले. हजार भाग पाण्यात एक भाग एवढे सौम्य द्रावणही काही मिनिटांत पुरेसे वाटले. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासाठी सर्जन त्यावर विसंबू लागले.

१८८९ मध्ये गेपर्ट यांनी शंका काढली. धाग्याबरोबर थोडा पाराही माध्यमात जात असेल, तर बीजाणू मेलेले नसून केवळ दबलेले असतील! त्यांनी अमोनियम सल्फाइड घालून पाऱ्याचा अविद्राव्य सल्फाइड बनवला. पाऱ्याचा प्रभाव संपताच 'मेलेले' बीजाणू वाढू लागले.

धाग्याची अडचण दुहेरी होती. तंतूंच्या फटीत औषध साचून राही, धुतले तरी पुरते निघत नसे. आणि आत दडलेल्या बीजाणूंपर्यंत ते उशिरा पोहोचे. म्हणून १८९७ मध्ये क्रोनिग आणि पाउल यांनी धागा सोडून गार्नेटचे सारख्या आकाराचे छोटे तांबडे खडे घेतले. खडा औषध शोषत नाही, चटकन धुता येतो. ठरावीक वेळानंतर किती बीजाणू जगले, हे आता मोजता आले. द्रावणाची तीव्रता, तापमान आणि वेळ यांचे जंतुनाशाशी असलेले नाते आकड्यांत मांडता आले.

यातून आपल्याला काय घेता येईल? गुळगुळीत स्टील आणि सच्छिद्र लाकूड यांना एकच माप लागू पडत नाही. लाकडाच्या रंध्रांत जंतू दडतात आणि तिथला मळ औषधाचा काही भाग निकामी करतो. म्हणून आधी साबणाने घासावे, मग सांगितलेला वेळ पृष्ठभाग औषधाने ओला ठेवावा. 'अमुक औषध जंतू मारते' असे वाचले, की विद्यार्थ्यांना विचारायला शिकवू या: कशावर, किती वेळात आणि ते मोजले कसे?