फोटोतली त्वचा : शिसपेन्सिलीपासून हीलिंग ब्रशपर्यंत

धार असो वा देवास, आपल्या जुन्या मराठी घरांत बैठकीच्या भिंतीवर पणजोबांचा एखादा फोटो असतोच. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे आणि चेहरा घोटलेल्या चुन्यासारखा गुळगुळीत. ज्या काळात देवीच्या रोगातून आणि माळव्याच्या उन्हातून क्वचितच कोणाची कातडी सुटली, त्या काळातली माणसे फोटोत एवढी नितळ कशी?

उत्तर कॅमेऱ्यातल्या काचेत आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची ओली काच प्रचारात आणली. ती निळा प्रकाश चटकन टिपे, तांबड्या रंगाला मात्र जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे चेहऱ्यावरची पुळी, वांग किंवा तांबूस डाग असे त्याहून काळा उमटे. गिऱ्हाइकाची तक्रार खोटी नव्हती. यंत्रच राईचा पर्वत करत होते. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात निगेटिव्हवरच सुधारणा करून काढलेला फोटो मांडला आणि ही विद्या पुढे जगभर पसरली.

रीत अशी. कातडीवरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. कारागीर तिरक्या चौकटीवर काच ठेवी, मागून उजेड घेई, वार्निशासारखे द्रव्य लावी आणि सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीने त्या जागी बारीक ठिपके भरी. छापताना डाग नाहीसा होई. काही गडद करायचे असेल तर चाकूने खरवडत.

आपल्या भागात छायाचित्रणाची मोठी परंपरा इंदूरपासून सुरू होते, आणि इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. सरधन्याच्या जैन घराण्यातले लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास ते कॅमेऱ्याकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे निजामाने त्यांना 'राजा' किताब दिला. इंदूर, सिकंदराबाद, मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ झाले. त्या काळच्या मोठ्या स्टुडिओंत रिटचिंगला वेगळे कारागीर असत.

पण पेन्सिल काचेची चूक दुरुस्त करून थांबली नाही. देवीचे वणही तिने बुजवले. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. त्याआधीच्या पिढ्यांनी तो रोग अंगावर वागवला. आम्ही होमिओपॅथीवाले केस घेताना आजोबा-पणजोबांचे आजार विचारतो. घरची मंडळी फोटोकडे बोट दाखवून म्हणतात, "त्यांना काही नव्हतं." फोटो एवढेच सांगतो, की कारागीर निष्णात होता.

१९९० साली फोटोशॉप आले. २००२ च्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. क्लोन स्टॅम्प शेजारचा तुकडा जसाच्या तसा आणून चिकटवतो. हीलिंग ब्रश शेजारच्या कातडीचा पोत घेतो आणि रंग-उजेड त्या जागेशी जुळवतो, म्हणून ठिगळ कळत नाही. नाव 'बरे करणारा', पण व्रण भरणे वेगळे आणि व्रण न दिसणे वेगळे. आता तर कित्येक मोबाइल न विचारताच गाल घोटून देतात.

मी रिटचिंगच्या विरुद्ध नाही. लग्नाच्या दिवशी उठलेली पुळी आठ दिवसांत जाणारच होती. ती काढली तर बिघडत नाही. भिंतीवरच्या फोटोला लागलेली बुरशी, वाळवीचे भोक जरूर बुजवा. पण तीळ, वण, टाक्यांची खूण ही माणसाची ओळख आहे. शाळेच्या जुन्या दाखल्यावर तीच तर लिहीत.

तेव्हा जुने फोटो स्कॅन कराल तेव्हा पहिली प्रत कोणालाही हात लावू न देता जपा. सुधारणा नकलेवर, वेगळ्या लेयरवर करा आणि फाइलच्या नावात 'सुधारलेला' असे लिहा. घरात कोणी वडीलधारे असतील तर आजच विचारा, आजींच्या चेहऱ्यावर वण होते का? ते उत्तर फोटोच्या पाठीवर हलक्या पेन्सिलीने लिहून ठेवा. एका पेन्सिलीने पुसलेले दुसरीने परत येईल.