सुईच्या बदल्यात सुई

वापरलेली सुई आणून द्यायची आणि नवी, सीलबंद सुई घेऊन जायची. हा व्यवहार आज भारतात सरकारी खर्चाने चालतो आणि त्यात नशा सोडण्याची अट नसते. आज जो सोडू शकत नाही, किंवा सोडायला तयार नाही, तो निदान एचआयव्हीपासून, काविळीपासून आणि हातापायांवर चिघळणाऱ्या गळवांपासून वाचावा, एवढाच यामागचा हिशेब. सुई-बदल, तोंडावाटे देण्याचे पर्यायी औषध, जखमांची मलमपट्टी, रक्ततपासणी या सगळ्याला मिळून हानी-न्यूनीकरण म्हणतात. ही परदेशातून आलेली टूम आहे, असा सर्रास समज आहे. तो निम्माच खरा.

व्यसनी माणसाला सरकारच्या देखरेखीखाली नशेचा पदार्थ पुरवण्याची रीत इथे जुनीच आहे. इंग्रजी मुलखात 1878 च्या कायद्याखाली अफू परवानाधारक दुकानांतून विकली जाई. बीड जिल्ह्यातले चकलांबा गाव आणि तो सगळा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथेही आबकारीचे ठेके होतेच. यात कुणाच्या आरोग्याची चिंता नव्हती, चिंता होती महसुलाची. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये असे ठरले, की औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत संपवायचा. पण वर्षानुवर्षे अफू खाणाऱ्या म्हाताऱ्याची अफू एका दिवसात तोडता येत नाही, हे आबकारी खात्याला पुरते ठाऊक होते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने नोंद झालेल्या व्यसनींपुरती सवलत राहिली.

अमली पदार्थांचा 1985 चा कायदा आला तो कडक शिक्षा घेऊन, तरी ‘नोंदणीकृत व्यसनी’ त्यातून पुसला गेला नाही. कलम 71 नुसार सरकार उपचार केंद्रे काढू शकते आणि नोंदलेल्या व्यसनींना अमली पदार्थ पुरवूही शकते. शिक्षेच्या कायद्यातली ही खिडकी बरीच वर्षे फारशी कुणी उघडली नाही.

सुईची गोष्ट मात्र बाहेरची, आणि ती व्यसनींनीच सुरू केली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये शहराच्या मध्यभागातल्या एका औषधविक्रेत्याने सिरिंज विकणे बंद केले. ‘ब’ प्रकारची कावीळ पसरेल या भीतीने तिथल्या नशा करणाऱ्यांच्या संघटनेने, जंकीबाँडने, 1984 मध्ये पालिकेच्या आरोग्य खात्याला हाताशी धरून सुया बदलून द्यायला सुरुवात केली. एडिनबरोत याच्या नेमके उलट घडले. पोलीस सिरिंजा जप्त करत, विक्रेते देत नसत, आणि एकच सुई अनेकांत फिरे. 1986 साली तिथल्या एका दवाखान्यातल्या सुईवाल्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्यांना एचआयव्ही निघाला. सुई मिळेनाशी केली म्हणून नशा थांबली नव्हती. त्याच वर्षी लिव्हरपूल परिसरात सुई-बदल सुरू झाला आणि 1990 मध्ये या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच शहरात भरली.

भारताला हा धडा मणिपूरने दिला. 1989 च्या अखेरीस तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही सापडू लागला आणि वर्षभरातच तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास तो पोहोचला.

महाराष्ट्रात तेव्हा वेगळे चित्र होते. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली ती मुख्यतः पन्नीवर जाळून धूर ओढण्यासाठी. तिला इथले उत्तर होते पूर्ण व्यसनमुक्ती. अनिल आणि सुनंदा अवचट यांचे पुण्यातले मुक्तांगण 1986 मध्ये सुरू झाले, ते याच वाटेवर. ही वाट असंख्यांच्या कामी आली, यात शंका नाही. पण जो पुन्हा घसरला, ज्याला घर उरले नाही, जो स्टेशनबाहेर किंवा पुलाखाली राहतो, त्याच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचे. हळूहळू धुराच्या जोडीला सुई आली. एल्ड्रेड टेलिस यांनी 1995 मध्ये मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ स्थापन केला आणि रस्त्यावरच्या या माणसांसाठी सुई-बदलाचे काम उभे केले.

नुसते वाटप न करता जुनी सुई परत का मागायची, याला कारण आहे. सिरिंजच्या टोकाशी राहिलेल्या थेंबभर रक्तातही विषाणू टिकतो. वापरलेली सुई परत आली, की ती दुसऱ्याच्या हातातही पडत नाही आणि कचरा वेचणाऱ्या पोराच्या पायातही घुसत नाही. शिवाय बदलायला माणूस पुन्हा यावा लागतो, आणि आला की गळू दाखवतो, तपासणीला तयार होतो. सुया वाटणारे कार्यकर्ते बहुधा पूर्वी नशेत असलेलेच असतात; अनोळख्याला रस्त्यावरचा माणूस दाद देत नाही.

दुसरा आधार ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीचा. हेरॉइन मेंदूत ज्या जागी बसते तिथेच ती बसते, पण अर्धवट काम करते. त्यामुळे ‘टर्की’चे, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारे, हाल थांबतात, दिवसभर कामधंदा करता येतो, आणि मात्रा वाढवत नेली तरी श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते. गोळी चुरडून जिभेखाली, सहसा कर्मचाऱ्यासमोरच घ्यावी लागते. नाहीतर ती खिशातून बाजारात जाते. रोज हजेरी लावणे मजुराला जड जाते, ही तक्रार रास्त आहे. 2007 पासूनच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात हे उपचार सरकारी झाले.

कायदा मागाहून आला. 2014 च्या दुरुस्तीने कलम 71 मध्ये उपचारासोबत व्यसनाचे ‘व्यवस्थापन’ही घातले गेले. एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्याचे कलम 22 त्याहून स्पष्ट आहे: संसर्गाचा धोका कमी करणारा उपाय गुन्हा ठरत नाही. त्याखालच्या दाखल्यात चक्क सुई-बदलाचाच प्रसंग आहे, आणि त्यात देणारा व घेणारा दोघेही निर्दोष आहेत.

सुई मोकळी झाली, पावडर नाही. पाच ग्रॅमपर्यंतचे हेरॉइन ‘अल्प प्रमाण’ गणले जाते, तरी ते जवळ बाळगणे गुन्हाच आहे. मात्र आरोपी व्यसनी असेल आणि आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर कलम 64अ नुसार खटल्यातून सूट मागता येते. उपचार अर्धवट सोडला तर ती काढूनही घेता येते. मुंबईच्या चौकीत हे कलम जसे लागू आहे तसेच ते चकलांब्याच्या पोलीस ठाण्यातही आहे.