पंक संगीत आणि तेरा वर्षांचा श्रोता

तेरा-चौदा वर्षांचे मूल खोलीचे दार लावून घेते आणि आतून गिटारचा कर्कश आवाज येऊ लागतो, तेव्हा वडीलधाऱ्यांना बहुधा दोनच उपाय सुचतात : दटावणे किंवा दुर्लक्ष करणे. तिसराही एक उपाय आहे. त्या आवाजाची कुळकथा मुलाला सांगावी. नदीच्या मुखापासून उगमाकडे जावे, तसे त्याच्या आवडत्या गाण्यापासून मागे जावे.

अठरा वर्षांच्या ऑलिव्हिया रॉड्रिगोचे ‘गुड फॉर यू’ हे गाणे २०२१ साली जगभर गाजले. त्याचे ‘पॅरामोर’ या संचाच्या २००७ मधील ‘मिझरी बिझनेस’शी साम्य श्रोत्यांना जाणवले, आणि त्याच वर्षी त्या जुन्या गाण्याच्या दोन्ही कर्त्यांची नावे नव्या गाण्याच्या सहलेखकांत दाखल झाली. गाण्यालाही पूर्वज असतात, हा पहिला धडा मुलाला येथेच मिळतो.

आणखी मागे गेले की १९९४ साल लागते. कॅलिफोर्नियातील ‘ग्रीन डे’च्या ‘डूकी’ या ध्वनिमुद्रिकेने पंक संगीत घरोघर नेले. हा संच बर्कली येथील गिलमन स्ट्रीटवरच्या सभागृहात वाढला. १९८६ च्या अखेरीस उघडलेले हे स्थान स्वयंसेवक चालवीत. तेथे मद्य विकले जात नसे आणि कोणत्याही वयाच्या मुलास प्रवेश असे. लहानांना ऐकावयास व वाजवावयास जागा मिळाली की काय घडते, त्याचे हे उदाहरण होय.

याहून मोलाचे उदाहरण उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी तेथे ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. त्या दिवशी तेरा माणसे ठार झाली. अशा शहरात वाढलेल्या, विशीही न गाठलेल्या पाच मुलांनी ‘अंडरटोन्स’ हा संच काढला. त्यांचे ‘टीनेज किक्स’ बेलफास्टच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या छोट्या संस्थेने १९७८ साली प्रसिद्ध केले. बीबीसीच्या जॉन पील यांना ते इतके भावले की त्यांनी ते लागोपाठ दोनदा वाजविले. त्यात युद्धाची वार्ता नाही. कोवळ्या वयातील प्रेमाची ओढ आहे. ज्या मुलांना दररोज बंदुका दिसत होत्या, त्यांनी सामान्य पोरवयाचा आपला हक्क या गाण्यात मागून घेतला, असे मला वाटते.

उगमाशी न्यूयॉर्कचा ‘रमोन्स’ हा संच भेटतो. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरील चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. गती भरधाव, पण चालींचे वळण साठीच्या दशकातील गोड गाण्यांचे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने १९७७ च्या जानेवारीत उसनवारीच्या पैशांवर स्वतःच आपली तबकडी काढली. मोठ्या कंपनीची परवानगी लागत नाही, हे त्यांनी करून दाखविले.

या कुळकथेची काळी बाजूही मुलापासून लपवू नये. केवळ धक्का देण्यासाठी काहींनी नाझींचे स्वस्तिक अंगावर मिरविले. ‘सेक्स पिस्टल्स’चा सिड व्हिशस १९७९ साली एकविसाव्या वर्षी हेरॉइनने मेला. परंतु ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड जलसा झाला, त्यात ‘क्लॅश’सारखे पंक संचच वाजवीत होते. त्याच संतापाचे दोन मार्ग मुलाने शेजारी शेजारी पाहिले, म्हणजे निवड त्याला स्वतःच करता येईल. अपशब्द काही गाण्यांत येतील. ते कोणी, कोणावर व का रागावून उच्चारले, हे विचारावयास त्याला शिकवावे.

आणि शेवटी, शक्य असेल तर एखादी साधी, जुनी गिटार त्याच्या हाती द्यावी. या परंपरेतील कित्येक गाणी तीन-चार स्वरमेळांवर उभी आहेत. नवशिक्याला ती थोड्या सरावाने वाजविता येतात. ज्या मुलाला आपले दुःख वा चीड दोन मिनिटांच्या गाण्यात मांडता येते, त्याला दार लावून घ्यावे लागले तरी तो एकटा राहत नाही. वडिलांनी मात्र त्या दारावर अधूनमधून टकटक करावी आणि एखादे गाणे त्याच्याबरोबर बसून ऐकावे.