सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट
सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट ही हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग (मृत्यू: इ.स. २०१५) यांची इ.स. १९८२ मधील ध्वनिमुद्रिका होय. तीत रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ व ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर भैरवी, ललित, यमन, मालकंस आदी दहा राग वाजविले आहेत.

प्रारंभी ती दुर्लक्षित राहिली. इ.स. २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर समीक्षकांना तीत 'ॲसिड हाउस' शैलीशी साम्य आढळले. ही शैली शिकागोतील फ्यूचर या गटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मुळे (इ.स. १९८७) रूढ झाली. तथापि साम्य म्हणजे प्रभाव नव्हे.

इ.स. २००० मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या ऑनलाइन सूचीत मूळ व पुनर्प्रकाशित आवृत्त्यांची नोंद स्वतंत्रपणे होते. त्यामुळे परीक्षणांतील असे कालक्रमविषयक दावे वाचकास पडताळता येतात.