शीड आणि दाभण

आमच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणारांनी किल्ले मोजले, तोफा मोजल्या, गुराबा व गलबते मोजली. परंतु ज्या शिडांवाचून ती गलबते बंदराबाहेर पडली नसती, त्या शिडांना टाके कोणी घातले, हे विचारणारे विरळाच. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या आगीत लाकडाबरोबर कित्येक हातांचे शिवणही राख झाले, त्याची नोंद कोण घेणार?

१९६५ च्या सुमारास आमचे आजोबा पडवीत शीड पसरून बसत, ते आम्हांस चांगले आठवते. जाड सुती कापडाचे पट्टे काठावर काठ चढवून दोन ओळींनी शिवावयाचे, म्हणजे एक ओळ उसवली तरी दुसरी धरून राहते. कडेने दोर टाचावयाचा, कारण वाऱ्याचा ओढा मुख्यतः त्यानेच सोसावयाचा असतो. खरी कसोटी कोपऱ्यात. पट्टा, दुमड व वरचे ठिगळ मिळून तेथे पाचसहा पदर जमत, आणि तळहातावर चामडे बांधून दाभण रेटावा लागे. दोऱ्यास मेण चोळलेले असे. त्यामुळे तो घासून तुटत नाही व पाणीही कमी पितो. टाका फार आवळल्यास आजोबा रागावत; शिडाचे पोट बिघडते, असे ते म्हणत. (आमचे अक्षरही त्यांना असेच आवळलेले वाटे!)

हे जाड कापड आपल्याकडचेच. मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द गेला, असे मानतात. त्या कापडाची शिडे व तंबू होत.

पुढे होड्यांना यंत्रे बसली आणि शिडे माळ्यावर गेली. परवा एका तरुण होडीवाल्याने होडीच्या छपराचे कॅनव्हास शिंप्याकडे दिले. चार पदरांच्या उंचवट्यावर यंत्राची सुई मोडली, दुसरीही मोडली. आम्ही जाऊन उंचवटा लाकडी हातोडीने ठोकून चपटा करविला, यंत्राच्या दाबपायामागे तेवढ्याच जाडीची घडी ठेवविली व चाक हाताने फिरविण्यास सांगितले. शिवण बसली. कोपरे मात्र आजोबांच्या दाभणानेच घातले, आणि ते त्या मुलाने स्वतः घातले.

ज्या ज्ञातिबांधवांच्या माळ्यावर जुने शीड वा दाभण असेल, त्यांनी ते भंगारात न घालता मंडळाच्या कचेरीत आणून द्यावे, ही विनंती. शिकविण्यास आम्ही अद्याप आहोत.