आजोळची वाट : म्हैसूरचे डोंगर आणि आपली नातवंडे

‘आजोळ’ या शब्दाला मराठी मनात उन्हाळ्याचा गंध आहे. वार्षिक परीक्षा आटोपली, की मुलांनी आईबरोबर तिच्या माहेरी जावे आणि आंबे, फणस, विहिरीतले पोहणे व आजीच्या गोष्टी यांत सुट्टी घालवावी, हा परिपाठ महाराष्ट्रातील घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आला. परमुलुखात स्थायिक झालेल्या कुटुंबांनीही तो सोडला नाही. आज मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना मात्र एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या वाटेची दिशा आता उलटली आहे. जी माणसे एके काळी आपली मुले घेऊन म्हैसूराहून आजोळी निघत, तीच आता आजी-आजोबा झाली असून त्यांच्या नातवंडांचे आजोळ म्हैसूर हेच आहे. या पालटाचा थोडक्यात मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

म्हैसूरशी मराठीचा संबंध आपल्या पिढीपासून सुरू झाला असे नाही. अठराव्या शतकातील म्हैसूरच्या महसुली दप्तरात कानडीच्या जोडीने मराठीतही हिशेब ठेवले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. पी. माधवराव (1906–1909) आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव (1909–1912) हे तंजावरकडील मराठी घराण्यांतले दोन गृहस्थ लागोपाठ या संस्थानचे दिवाण झाले. आनंदराव हे बडोद्याचे ख्यातनाम दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव.

स्वातंत्र्यानंतर येथे आलेला मराठी माणूस मात्र दिवाणगिरीसाठी नव्हे, तर नोकरीसाठी आला. 1950 साली चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. 1961 साली संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा, 1963 साली प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय आणि 1969 साली भारतीय भाषांची केंद्रीय संस्था येथे स्थापन झाली. या नोकऱ्यांच्या निमित्ताने प्रांतोप्रांतीची माणसे म्हैसुरात आली; त्यांत आपलीही काही घरे होती. दोन-तीन वर्षांत बदली होईल, या भरवशावर आलेली माणसे इथलीच होऊन गेली.

त्या काळचा आजोळचा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना तो विसरणे शक्य नाही. 1971 साली पुणे–मिरज मार्ग रुंद झाला आणि त्यापुढचा बंगळूरपर्यंतचा मार्ग मीटर गेजच राहिला. त्यामुळे मिरजेस उतरून हमालांच्या डोक्यावर ट्रंका व वळकट्या देऊन दुसरी गाडी गाठावी लागे. दशम्यांचा डबा, फिरकीचा तांब्या आणि खिडकीसाठी भांडणारी मुले असा तो सारा संसार असे. पुढे 1990 नंतरच्या दशकात उरलेले मार्ग रुंद झाले आणि मिरजेचा तो खोळंबा संपला. पण तोवर आजोळची घरेही एकेक करून मिटू लागली होती. आजी-आजोबा गेले, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, मामा मुंबईस गेले. रूळ रुंद झाले, तेव्हा पलीकडे वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

आजोळच्या सुट्टीत डोंगराला पूर्वी फारसे स्थान नव्हते. थंड हवेची ठिकाणे वसविली ती राज्यकर्त्यांनी, स्वतःच्या सोयीसाठी. जॉन सलिव्हन 1819 साली निलगिरीवर चढला आणि पुढे उटी ही मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली. महाबळेश्वरास 1829 च्या सुमारास माल्कमपेठ वसली. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानच्या माथ्यावर पोहोचला. गोऱ्या अधिकाऱ्यांमागून राजेरजवाडे गेले. म्हैसूरच्या राजघराण्याचा फर्नहिलचा वाडा उटीस आजही उभा आहे. मध्यमवर्गीय मराठी घराला हवापालटापेक्षा गाव अधिक परवडे, आणि अधिक आवडेही.

म्हैसूरच्या आजी-आजोबांपाशी मात्र आंब्याची बाग नाही की परसातली विहीर नाही. नातवंडांना द्यावयास त्यांच्यापाशी आहेत ती नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांची शिकरण आणि दक्षिणेचे डोंगर. म्हणून म्हैसुरातील मराठी घरांत नातवंडे आली, की उटीची एक फेरी ठरलेलीच. नंजनगूड, गुंडलूपेट मागे टाकले की बंडीपूरचे अरण्य लागते. 1973 साली व्याघ्रप्रकल्पात आलेल्या या वनातून 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते, म्हणून निघावयाचे ते उजाडल्यावरच. पुढे तेप्पक्काडूचे हत्ती पाहून कल्हट्टीच्या घाटाची 36 वळणे चढली, की सुमारे 770 मीटरांवरचा म्हैसूरकर 2,200 मीटरांहून उंच जाऊन पोहोचतो आणि आजीच्या पेटीतली लोकरी शाल बाहेर निघते.

तथापि मुलांचा खरा डोंगर आहे तो आपल्या दारचा, चामुंडीचा. या डोंगराच्या इतिहासातही एक आजी आहे. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तिसरे कृष्णराज वडेयर अवघ्या पाचव्या वर्षी गादीवर बसले. त्यांना सांभाळले ते दत्तक नात्याने आजी असलेल्या महाराणी लक्ष्मम्मण्णी यांनी. 1810 मध्ये त्या निवर्तल्या. त्याच नातवाने पुढे, 1827 च्या सुमारास, चामुंडेश्वरीच्या देवळाचे उंच गोपुर उभारले. डोंगराच्या हजार पायऱ्या आणि एकाच शिळेतला प्रचंड नंदी हे त्याहून जुने. ते दोड्ड देवराज वडेयर यांच्या (1659–1673) कारकिर्दीतले.

गेल्या जून महिन्यात आमची नात परदेशाहून आली होती. वय वर्षे आठ. तिला मराठी समजते, पण बोलताना ती शब्दाशब्दाशी अडते. एका ढगाळ सकाळी आम्ही तिघे पायऱ्या चढू लागलो. आजीने अट घातली, की पायऱ्या मराठीत मोजायच्या आणि शंभर झाले की पुन्हा एकपासून सुरुवात. अठ्ठावन्नपर्यंत गाडी नीट चालली. मग ती म्हणाली, “पन्नास-नऊ.”

“एकोणसाठ,” आजी म्हणाली. “साठाला एक पायरी उरली, म्हणून एकोणसाठ.”

नात थबकली. मग पुढच्या पायरीवर उडी मारून तिने ‘साठ’ म्हटले. एकोणसत्तरला ती जराशी थांबली, पण कोणी सांगावे लागले नाही. एकोणऐंशी, एकोणनव्वद ही तर तिने विजयघोषासारखी म्हटली. आणि शंभराच्या अलीकडच्या पायरीवर उभी राहून ती मोठ्याने ओरडली, “एकोणशंभर!”

मराठीत तो आकडा नाही, हे तुम्हां-आम्हांस ठाऊक आहे. आजीने तिला ‘नव्याण्णव’ सांगितलेही, पण ते शंभराव्या पायरीवर पोहोचून हसू ओसरल्यावर. कारण त्या चुकीत मोठा आनंद होता. पाठ केलेला आकडा मुले विसरतात. पण हा आकडा तिने भाषेचा नियम ओळखून स्वतः घडविला होता. परभाषेत वाढणारे मूल आपल्या भाषेत स्वतःची चूक करू लागले, म्हणजे ती भाषा त्याची झाली असे समजावे.

मंडळाने या पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके बसविली. ते कार्य मोलाचेच आहे. तरी येत्या काळात आपली भाषा टिकावयाची असेल, तर ती बव्हंशी अशा सुट्टीच्या चार-सहा आठवड्यांवर टिकेल. आपल्या मुलांना दर उन्हाळ्यास मराठी बोलणारे एक गाव मिळत होते. नातवंडांना एक घर तरी मिळावे. तेथे आजी-आजोबांनी नातवंडांच्या सोयीसाठी इंग्रजीचा आश्रय घेऊ नये, एवढीच विनंती. मुले अडखळली तर थोडे थांबावे. आपल्या गुडघ्यांसाठी ती पायरीवर थांबतातच की.